मामांची सुमो : भंगार की भटकंती?

आपल्या हॉस्टेलमध्ये दर वर्षी जून महिना लागला की एक साथ येते. तिचं नाव 'लडाख'. मेसमध्ये रात्रीच्या जेवणानंतर कुणीतरी विषय काढतो, वहीच्या मागच्या पानावर खर्चाचा हिशोब मांडला जातो, गाडी कुणाची यावर गाडी अडते आणि सबमिशन आलं की साथ ओसरते. मीही त्या साथीचा जुना रोगी. फरक एवढाच, की माझ्याकडे गाडी होती. म्हणजे माझी नाही, मामांची.

माझे मामा नेऱ्याला राहतात. मारुंजी ओलांडून कासारसाईकडे निघालात की लागतं ते नेरे. हिंजवडीच्या काचेच्या इमारती इथून दिसतात, पण मामांच्या गोठ्यात अजून दोन म्हशी आहेत आणि गोठ्याच्या शेजारी आंब्याखाली २००३ सालची टाटा सुमो उभी असते. असते म्हणजे अक्षरशः उभीच असते. मामांनी तिच्यातून पिंपरीच्या मंडईत भाजी नेली, गावातली निम्मी वऱ्हाडं वाहिली आणि मामींचं पोटाचं दुखणं निघालं तेव्हा रात्री दोन वाजता त्यांना दवाखान्यात पोचवलं ते याच गाडीने. आता घरात छोटी गाडी आली. भंगारवाला दोनदा येऊन भाव सांगून गेला होता. मी म्हटलं, "मामा, आम्हाला द्या. फिरायची गाडी करतो." मामा म्हणाले, "अरे, दिवाळीपर्यंत काय ते कर. तोवर नीट चालली नाही तर देऊन टाकणार. कोंबड्या बसतात तिच्यात."

त्या दिवाळीपर्यंतच्या चार महिन्यांत आम्ही चौघांनी (दोन मेकॅनिकल, एक इलेक्ट्रिकल, एक कॉम्प्युटर, म्हणजे काम करणारे तीनच) जे केलं आणि जे चुकीचं केलं, ते इथे लिहितोय. चुकांवर जास्त लिहिणार आहे, कारण परीक्षेतही बरोबर उत्तरातून कुणी काही शिकत नाही.

आधी गाडीची ओळख

सुमो हे नाव जपानी पैलवानावरून पडलं असं अनेकांना वाटतं. ते टेल्कोचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांच्या नावातल्या 'सु' आणि 'मु' (इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'मो') यावरून घेतलेलं आहे. मुळगावकर १९८९ मध्ये गेले, गाडी १९९४ मध्ये आली. ती घडली पुण्यातच, म्हणजे नेऱ्याच्या आंब्याखाली ती तशी माहेरीच आहे. २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं.

आपल्या कामाच्या दृष्टीने तीन गोष्टी महत्त्वाच्या. एक, ही गाडी चेसिसवर बॉडी ठेवलेली आहे, त्यामुळे पत्रा गंजला तरी सांगाडा वेगळा तपासता येतो. दोन, मागे कमानपाटे आहेत; ते गावातला मिस्त्रीसुद्धा खोलून बसवतो. तीन, आमच्या गाडीतलं इंजिन जुन्या पद्धतीचं, टर्बो नसलेलं डिझेल. बोअर ८३ मिमी, स्ट्रोक ९० मिमी, सिलिंडर चार. गुणाकार करा, १९४८ सीसी येतात की नाही बघा. पंप आणि नोझल यांत्रिक, सेन्सर नावाचा प्रकार जवळपास नाहीच. ताकद बेताची आहे. चढावर मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न दिला तर वाईट वाटून घ्यायचं नाही.

आमची पहिली चूक म्हणजे आम्ही सुरुवात कॅरियर आणि दिव्यांपासून केली. फोटोत तेच दिसतं ना! नेऱ्यातल्या मिस्त्रींनी गाडीखाली घुसून दहा मिनिटांनी विचारलं, "फिरायला जायचंय की परत यायचंय?" रबरी होज पाइप दाबल्यावर भेगा दिसत होत्या. पुढचे बुश संपलेले. टायरवर नक्षी शिल्लक होती, पण बाजूच्या भिंतींना बारीक चिरा होत्या. टायर झिजला नाही तरी रबर वयानेच कडक होतं. ब्रेक ऑइल कधी बदललं ते मामांना आठवेना. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, ओल शोषली की त्याचा उत्कलनबिंदू उतरतो, आणि घाटात ते तापून बुडबुडे धरले की पॅडल सरळ खाली जातं. म्हणून पहिला सगळा खर्च होज, बेल्ट, बुश, ब्रेक लायनर, ब्रेक ऑइल आणि टायर यांवर झाला. हा खर्च मामांनी केला, कारण "तुमची हाडं सासरी परत न्यायची मला हौस नाही" असं मामी म्हणाल्या. (माझ्या आईचं सासर, असा अर्थ.)

टायरवरून आमच्यात भांडण झालं. एकाला मोठे टायर हवे होते. आमच्या गाडीला २१५/७५ आर १५ आहेत, त्याचा बाहेरचा व्यास सुमारे ७०३ मिमी. त्याऐवजी २३५/७५ आर १५ घातले तर व्यास सुमारे ७३३. गाडी उचलली जाते किती? व्यासातल्या फरकाच्या निम्मी, म्हणजे फक्त १५ मिमी. त्या बदल्यात चाकाशी मिळणारं ओढबळ साधारण ४ टक्क्यांनी घटतं आणि काटा ६० दाखवत असताना गाडी साडेबासष्टने जाते. आधीच अशक्त असलेल्या इंजिनला हा सौदा परवडत नाही. मूळ मापाचेच टायर घातले.

कायद्याचं काय?

हे प्रकरण कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. पुढचा लोखंडी बंपर (बुलबार) तर डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राच्या वाहतूक मंत्रालयाने कारवाईच्या यादीत घातला. त्यामागे शास्त्रही आहे: चेसिसला थेट बांधलेला बार धडकेचा धक्का पत्र्याला चुरगळू न देता सरळ सांगाड्यात पोचवतो आणि समोरच्या पादचाऱ्याचं तर विचारूच नका. शिवाय पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होतं आणि त्या वेळी गाडी तपासली जाते. मोटारीची ही फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली आणि वीस वर्षांवरच्या गाडीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० करण्यात आली. मामांच्या गाडीचं नूतनीकरण २०२३ मध्ये झालंय, पुढचं २०२८ मध्ये.

म्हणून आम्ही एक नियम केला: चेसिसला वेल्डिंग नाही, पत्र्याला नवीन भोक नाही, सीट काढायची नाही. जे काही करू ते सामान म्हणून आत ठेवता येईल आणि अर्ध्या तासात बाहेर काढता येईल. गंमत म्हणजे या बंधनामुळेच डिझाइन सुधारलं.

पेटी

सुमोच्या मागच्या भागात समोरासमोर दोन बाकं असतात. त्या दोन बाकांच्या मधल्या खड्ड्यात बसेल अशी पेटी करायची, उंची बाकांइतकीच. तिचं झाकण दोन्ही बाकांवर टेकवायचं. मधल्या सीटची पाठ पुढे पाडली की झाकणाचा दुसरा तुकडा तिच्यावर येतो आणि दोन माणसांना झोपण्याइतका ओटा तयार होतो. बाकीचे दोघे बाहेर तंबूत. पेटीत स्टोव्ह, भांडी, पान्हे, जॅक, दोरखंड.

पहिली पेटी आम्ही वर्कशॉपच्या सवयीने केली: लोखंडी अँगलची चौकट आणि वर १८ मिमी प्लाय. ७० किलो भरली! चौघांनी उचलताना एकाची कंबर धरली. दुसरी केली १२ मिमी प्लायची, चौकटच नाही, आत आडव्या फळ्या. प्लायची घनता घनमीटरला साधारण ६५० किलो धरली तर १.८५ × १.१५ मीटरच्या झाकणाचं वजन साडेसोळा किलोच्या आसपास येतं. झाकणासकट सगळी पेटी ३२ किलोत बसली. वाकेल का? मधे आधार असला की वाकत नाही. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये आपण हेच तर घोकतो, की चारही बाजू समान असतील तर बीमचा बाक लांबीच्या घनाप्रमाणे वाढतो. आधारामधलं अंतर निम्मं केलं की बाक आठपट कमी. हे सगळं माहीत असूनही आधी अँगल कापले. ही पेटी सीट अडकवायच्या मूळच्या हुकांना पट्ट्यांनी आवळली. ही पायरी चुकवू नका. अचानक ब्रेक लागला तर मोकळी पेटी थांबत नाही.

पहिला मुक्काम : गोठ्याशेजारी

चाचणी म्हणून पहिली रात्र आम्ही मामांच्याच शेतात काढली. वीस वॅटचे दिवे, पंधरा वॅटचा पंखा आणि चार मोबाइल मिळून पंचवीस वॅट. एकूण ६०. बारा व्होल्टला पाच अँपिअर. आठ तास म्हणजे ४० अँपिअर-तास. गाडीची बॅटरी ७५ ची. आमच्या इलेक्ट्रिकलवाल्याने "अजून ३५ उरतात" असं छातीठोक सांगितलं आणि आम्ही झोपलो. सकाळी किल्ली फिरवली तर 'टिक'. पुढे काही नाही.

कारण उघड आहे. स्टार्टरची बॅटरी थोडा वेळ प्रचंड करंट देण्यासाठी पातळ पाट्यांची केलेली असते. तिला हळूहळू निम्मं रिकामं केलं की ती स्टार्टरला पुरत नाही आणि असं वारंवार केलं तर कायमची बसते. त्यात या इंजिनाला सकाळी आधी हीटर प्लग तापवायला करंट लागतो. शेवटी मामांनी ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून केबल टाकून गाडी सुरू केली आणि गावभर सांगितलं की इंजिनिअर पोरांची गाडी ट्रॅक्टरने उठवली.

त्यानंतर दुसरी बॅटरी घेतली, सीलबंद. साधी लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, ती झोपायच्या जागेत ठेवणं म्हणजे वेडेपणा. दोन्ही बॅटऱ्यांच्या मधे रिले घातला, इंजिन सुरू असेल तेव्हाच त्या जोडल्या जातात. दोन्ही टोकांना, बॅटरीच्या अगदी जवळ, फ्यूज. वायर जाड घेतली. आठ अँपिअरला जाऊन-येऊन आठ मीटर तांब्याची २.५ चौरस मिमी वायर घेतली तर तिच्यातच ०.४४ व्होल्ट खर्च होतात. ६ चौरस मिमी घेतली तर ०.१८. बारा व्होल्टमध्ये अर्धा व्होल्ट म्हणजे चार टक्के, घरच्या २३० मध्ये जे खपतं ते इथे खपत नाही.

ताम्हिणी

जुलैच्या मध्यावर निघालो. माण, घोटवडे, पौड, मुळशी धरणाच्या कडेने ताम्हिणी घाट आणि खाली विळे. मुळशीचं पाणी डाव्या-उजव्या हाताला दिसत राहतं तेव्हा बोलणं आपोआप थांबतं. १९२१ साली याच धरणाविरुद्ध इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला, सेनापती बापट त्यात पुढे होते, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असेल? असो.

गाडी तेव्हा पहिल्या पेटीसह, म्हणजे ७० किलोच्या, आणि टपावर कॅरियर. कॅरियर ३५ किलो, जादाची स्टेपनी २५, पाण्याचे दोन कॅन ४०, तंबू-पिशव्या २०. टपावर एकूण १२० किलो. घाट उतरताना पाऊस इतका, की वायपर नुसते नावाला. मी ब्रेकवर पाय ठेवूनच उतरत होतो. निम्म्या उतारावर जळका वास आला आणि पॅडल मऊ लागायला लागलं. त्या क्षणी माझ्या पोटात जो गोळा आला तो मला अजून आठवतो. दुसऱ्या गिअरमध्ये घातली, हँडब्रेक हळूहळू ओढला, रुंद जागा बघून गाडी डोंगराच्या बाजूला घेतली. कुणी काही बोलत नव्हतं. पाऊण तास थांबलो, चाकांवर पाणी ओतलं नाही (तापलेल्या डिस्कवर गार पाणी ओतलं तर ती वाकडी होऊ शकते), आणि मग पूर्ण उतार दुसऱ्या गिअरवर उतरलो.

परत आल्यावर हिशोब केला. आमची भरलेली गाडी २,२२० किलो. उतार ५०० मीटर धरा. स्थितिज ऊर्जा सुमारे १०.९ मेगाज्यूल. इतक्या उष्णतेने ३० अंशांचं ३७ लिटर पाणी उकळायला लागेल. मेसमधलं मोठं पातेलं डोळ्यांसमोर आणा आणि ते चार चाकांत वाटून टाका. इंजिन ब्रेकिंग केलं तर यातला मोठा वाटा इंजिन पंपिंगमध्ये आणि घर्षणात खातं आणि रेडिएटरमधून बाहेर टाकतं. मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "ज्या गिअरने चढायचं त्याच गिअरने उतरायचं. याला काय गणित लागतं?"

२,२२० हा आकडा कुठून आला? परत येताना सामान न उतरवता, चौघे बसून, खडी वाहणाऱ्या ट्रकांच्या वजनकाट्यावर गाडी नेली होती. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं. पुढे ९६०, मागे १,२६०. रिकाम्या गाडीचं आधीच केलं होतं: पुढे ९००, मागे ७९०. म्हणजे आम्ही घातलेल्या ५३० किलोंपैकी ४७० मागच्या पाट्यांवर! स्टिअरिंग हलकं का वाटत होतं ते कळलं. मिस्त्री म्हणाले एक पाटा वाढवू. आमच्या सरांनी विचारलं, "वजन कमी करता येत नाही का?" हा प्रश्न आधी विचारायला हवा होता.

टपावरच्या वजनाचं गणित जरा सावकाश बघू, कारण त्यात माझा अंदाज चुकला. गाडी उलटण्याचा ढोबळ मापदंड असा: स्थैर्यांक = डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर ÷ (२ × गुरुत्वमध्याची उंची). अमेरिकेची रस्ते-सुरक्षा संस्था २००१ पासून गाड्यांच्या उलटण्याचं मानांकन देते त्याच्या मुळाशी हेच सूत्र आहे. अंतर १.४ मीटर, उंची ०.७५ मीटर धरली (उंची अंदाजाने) तर उत्तर ०.९३. दोन मीटर उंचीवर १२० किलो चढवले की गुरुत्वमध्य ०.८२ मीटरवर जातो आणि स्थैर्यांक ०.८६ होतो. तीस मीटर त्रिज्येच्या वळणावर उलटण्याचा वेग आधी ताशी ६०, आता ५७. मला वाटलं, हात्तिच्या, तीनच किलोमीटर!

पण कोरड्या डांबरावर टायरची पकड साधारण ०.८ असते. गाडी उलटण्याआधी घसरते, ती या ०.८ मुळे. ०.९३ आणि ०.८ मधलं अंतर ०.१३ होतं, ते ०.०६ उरलं, म्हणजे निम्म्याहून कमी. रस्ता जरा बाहेरच्या बाजूला कललेला असला किंवा पाटे झुकले की हे अंतर संपलंच. आणि पावसात पकड ०.४५ धरा, तर त्याच वळणावर गाडी ४१ लाच घसरते. घसरून नुसती थांबली तर ठीक, पण बाजूला कठडा असतो, दगड असतो, डांबराची तुटकी कड असते. आडवं घसरणारं चाक तिथे अडलं की उंच गाडी त्यावरून पलटते. बहुतेक गाड्या अशाच पलटतात, नुसत्या वेगाने नाही.

कॅरियर उतरवला. जादा स्टेपनी नेऱ्यातच राहिली. एकच कॅन, तोही पुढच्या सीटच्या मागे जमिनीलगत. नवी पेटी. पुन्हा काट्यावर गेलो: एकूण २,१००, पुढे ९७०, मागे १,१३०. पाटा वाढवावा लागला नाही.

दोन गोष्टी ज्यांवर विनोद करता येत नाही

त्याच फेरीत विळ्याजवळ पाऊस थांबेना म्हणून आम्ही काचा बंद करून गाडीतच गॅसच्या छोट्या स्टोव्हवर चहा आणि मॅगी केली. ऊबदार वाटत होतं म्हणून स्टोव्ह चालूच ठेवला. वीस मिनिटांनी एकाचं डोकं दुखायला लागलं, दुसऱ्याला मळमळलं. 'घाट लागला' असं आम्ही म्हणालो. तो घाट नव्हता. बंद जागेत ज्वलन अपुरं होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. कुणीतरी उलटी करायला दार उघडलं म्हणून हे लिहायला मी आहे. गाडीत स्टोव्ह नाही, शेगडी नाही, इंजिन चालू ठेवून झोप नाही. पाऊस असला तर फरसाण खा.

दुसरी गोष्ट पाण्याची. ओढ्यावरून पाणी वाहत असताना "डिझेल गाडी आहे, जाईल" असं म्हणणारा एक तरी असतोच. आपल्या इंजिनात एका सिलिंडरचे ४८७ सीसी. अशा इंजिनांचं कॉम्प्रेशन वीस-बावीसच्या घरात असतं, म्हणजे पिस्टन वर आला की उरणारी जागा सुमारे २५ सीसी. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. दोन मोठे चमचे पाणी एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि वाहत्या पाण्यात इंजिन वाचलं तरी गाडी तरंगायला लागते. आम्ही एकदा दीड तास थांबलो आणि मग चक्क माघारी फिरलो.

लडाखचं विचाराल तर अजून गेलो नाही. खारदुंग ला ५,३५९ मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास. टर्बो नसलेल्या आमच्या इंजिनाला तिथे धाप लागणार हे नक्की. आधी वरंधा, मग आंबोली, मग बघू.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मामा-मामींना घेऊन दिवेआगरला गेलो. मामा पूर्ण वाट गप्प होते, फक्त उतारावर गिअरच्या दांड्याकडे बघत होते. तिथे पोचल्यावर मागचं दार उघडलं, ओट्यावर चटई टाकली. मामींना काही वर चढता येईना. जमिनीपासून ओट्याची उंची आम्ही चौघांपैकी एकानेही मोजली नव्हती. शेवटी पाण्याचा कॅन आडवा ठेवून त्या चढल्या. चहा घेऊन झाल्यावर मामांनी मिस्त्रींना फोन लावला आणि भंगारवाल्याबद्दल एक अक्षर न काढता विचारलं, "पुढच्या खेपेला लाकडी पायरी किती इंचाची करावी?" मिस्त्री म्हणाले नऊ. मामींच्या मते सात. सध्या गोठ्यात आठ इंचाची तयार होतेय, प्लाय पेटीतून उरलेलाच आहे.